कपिलेच्या पुलावरील वहिवाट

म्हैसूरहून दक्षिणेस सुमारे पंचवीस किलोमीटर गेले की नंजनगूड हे क्षेत्र लागते, आणि गावात शिरण्यापूर्वी कपिला नदी ओलांडावी लागते. हिलाच भूगोलाच्या पुस्तकात कबिनी म्हणतात. परंतु क्षेत्राच्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाला पुस्तकातील नावापेक्षा पुराणातील नाव अधिक जवळचे वाटते, तेव्हा या लेखापुरते आपणही कपिला म्हणू. या नदीवर हमरस्त्याचा एक पूल आहे, रेल्वेचा एक नवा पूल आहे, आणि त्यांच्या शेजारीच, दोहोंपेक्षा बुटका, दगडी कमानींचा, सुमारे सव्वादोनशे मीटर लांबीचा एक जुना पूल आहे. तो इ. स. १७३५ मध्ये म्हैसूरचा दळवाई देवराज याने बांधविला. हिंदुस्थानातील सर्वांत जुना रेल्वेपूल असे त्याचे वर्णन आजकाल प्रवासवर्णनांतून आणि वर्तमानपत्रांतून केले जाते, आणि ते वर्णन वाचून ज्याला इतिहासाची थोडीही चाड आहे त्याच्या मनात पहिला प्रश्न असा उभा राहतो की, ज्या वर्षी जगात कोठेही वाफेचे इंजिन रुळावरून धावलेले नव्हते, किंबहुना स्टॉकटन-डार्लिंग्टनचा लोहमार्ग सुरू होण्यास अद्यापि नव्वद वर्षांचा अवकाश होता, त्या वर्षी रेल्वेचा पूल बांधण्याची बुद्धी कोणास व्हावी कशी?

अर्थात ती कोणासच झाली नव्हती. देवराजाने पूल बांधला तो पायी चालणाऱ्यांसाठी, बैलांसाठी, पालख्यांसाठी आणि तोफांसाठी. रेल्वे त्यावर आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, आणि २००७ मध्ये त्यावरून निघून गेली. म्हणजे सुमारे पावणेतीनशे वर्षांच्या काळात शंभर-सव्वाशे वर्षे तेवढी त्यावर आगगाडीची वहिवाट होती. हा हिशेब मनाशी पक्का केला म्हणजे त्या पुलाचा खरा इतिहास दिसू लागतो: रेल्वे ही त्याच्या आयुष्यातील मधली मुदत होती, आरंभी तो पादचाऱ्याचा होता आणि आता तो फिरून पादचाऱ्याकडेच येऊ पाहत आहे.

देवराज हा कळले घराण्यातला. कळले हे गाव नंजनगूडच्याच टापूत, कपिलेपासून जवळच आहे; म्हैसूरच्या वोडेयर राजांशी या घराण्याचा सोयरसंबंध होता आणि राज्याच्या सेनापतीचे, म्हणजे दळवाईचे, पद त्यात पिढ्यान् पिढ्या चालत आले होते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात या पदाचे वजन इतके वाढले की, राजा कोण असावा हे दळवाई ठरवू लागला. एक राजा डोईजड होऊ लागला तेव्हा त्यास पदच्युत करून १७३४ मध्ये इम्मडी कृष्णराज वोडेयर या अल्पवयी मुलास गादीवर बसविण्यात आले, आणि राज्याची सर्व सूत्रे देवराज आणि त्याच्या घराण्यातील नंजराज यांच्या हाती गेली. पूल बांधला गेला तो याच्या पुढच्याच वर्षी. राजाची मुद्रा ज्याच्या हाती आली त्याने आपल्या घराण्याच्या दाराशी, आपल्या कुलाच्या भक्तीचा विषय असलेल्या देवस्थानाच्या वाटेवर, नदीला दगडी कमानींनी बांधून घ्यावे यात एक प्रकारची जाहीर घोषणा होती असे मला वाटते. सातारकर छत्रपतींच्या छायेत पेशव्यांची सत्ता ज्या काळात ज्या रीतीने वाढत गेली, तीच रीत त्याच काळात म्हैसुरात दिसते, हे मराठी वाचकाच्या ध्यानात सहज येईल.

परंतु केवळ भक्ती आणि डौल यांसाठी एवढा खर्च झाला असेल असे मानण्याचे कारण नाही. श्रीरंगपट्टण ही तेव्हा राजधानी होती. तेथून दक्षिणेस जाणारा रस्ता म्हैसूर, नंजनगूड आणि आजचे चामराजनगर यांवरून घाट उतरून सत्यमंगलम आणि कोइमतूरच्या मुलखात जातो, आणि तो मुलूख म्हैसूरच्या अमलाखाली होता. पावसाळ्यात कपिलेला पूर आला म्हणजे हा अर्धा राज्यविस्तार राजधानीपासून तुटून पडत असे. वसूल, रसद आणि फौज यांना वर्षाचे बाराही महिने उतार मिळावा हा हेतू पुलाच्या मुळाशी असला पाहिजे. त्या रस्त्याचे महत्त्व पुढे खुद्द देवराजाच्याच चरित्रात उमटले. नंजराजाशी बिनसल्यावर म्हातारा दळवाई राजधानी सोडून सत्यमंगलम येथे जाऊन राहिला, आणि त्याच सुमारास, १७५७ मध्ये, नानासाहेब पेशव्याची फौज श्रीरंगपट्टणावर येऊन धडकली. बत्तीस लाखांच्या खंडणीचा करार झाला. इतकी रोकड खजिन्यात नव्हती, म्हणून काही रक्कम तत्काळ देऊन बाकीपोटी महाल गहाण लिहून द्यावे लागले. पुढच्याच वर्षी देवराज परत आला आणि लवकरच मरण पावला. त्या पडझडीतून वर आला तो हैदर अली. मराठी बखरींत आणि पत्रव्यवहारात ‘श्रीरंगपट्टणची मसलत’ म्हणून जी पुढे वर्षानुवर्षे चालली तिचा हा आरंभीचा अंक होय, आणि त्या अंकातील एका मुख्य पात्राची सर्वांत टिकाऊ कृती कोणती असे विचाराल तर ती लढाईही नव्हे, तहही नव्हे. ती हा पूल.

त्याच्या बांधणीविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अलीकडच्या वर्णनांत त्याला ‘गॉथिक’ शैलीचा म्हणण्याची रूढी पडली आहे. टोकदार कमान दिसली की युरोपातील मठ-मंदिरे आठवावी असे आपल्या शिक्षणाचे वळण आहे, त्याला इलाज नाही. पण म्हैसूरच्या गवंड्यांना अशा कमानीसाठी फ्रान्सपर्यंत दृष्टी टाकण्याची गरज नव्हती. गुलबर्गा, बीदर आणि विजापूर येथे बहमनी आणि आदिलशाही कारागिरांनी तीन-चार शतके टोकदार कमानी घातल्या होत्या. तिथल्या सरदारांच्या स्वाऱ्यांबरोबर, तिथून नोकरीधंद्यासाठी उतरलेल्या पाथरवट-गवंड्यांबरोबर ती विद्या कर्नाटकभर झिरपली होती. दगड, वीट आणि चुना एवढ्या सामग्रीत ज्याला पूल उभारायचा आहे त्याला कमानीवाचून गती नसते. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. आणि कमान ही अशी युक्ती आहे की, वरचे ओझे कितीही असले तरी ती ते सर्व दाबाच्या रूपाने खांबांकडे पोहोचविते. शिवाय अशा पुलाचे स्वतःचे वजनच इतके असते की, त्यावरून जाणाऱ्याचे वजन त्या मानाने किरकोळ ठरते. ही शेवटची बाब वाचकाने लक्षात ठेवावी, कारण दीडशे वर्षांनी रेल्वेच्या इंजिनियरांना या पुलाचा मोह पडला तो हिच्यामुळेच.

या पुलाखालून जी नदी वाहते तिचे मूळ केरळातील वायनाडच्या डोंगरात आहे. मानंतवाडी आणि पनमरम या दोन प्रवाहांच्या संगमातून ती निघते, पश्चिम घाटाचा सारा पाऊस घेऊन पूर्वेकडे वळते आणि तिरुमकूडलू नरसीपूर येथे कावेरीस मिळते. म्हणून म्हैसुरात ऊन पडलेले असताना नंजनगूडला पूर येऊ शकतो. बीचनहळ्ळी येथील धरण १९७४ मध्ये पुरे झाल्यापासून नदीच्या लहरीला काहीसा लगाम बसला. तरीही २०१८ आणि २०१९ या दोन्ही पावसाळ्यांत हमरस्ता पाण्याखाली जाऊन म्हैसूर-नंजनगूड वाहतूक थांबली होती. धरणापूर्वीच्या दोनशेहून अधिक पावसाळ्यांत देवराजाच्या खांबांनी काय सोसले असेल याची यावरून कल्पना करावी.

या पुलावरून सर्वांत अधिक संख्येने कोणी ये-जा केली असेल तर यात्रेकरूंनी. नंजुंडेश्वर किंवा श्रीकंठेश्वर, म्हणजे हलाहल पिऊन पचविणारा शिव, हे येथील दैवत. क्षेत्राला ‘दक्षिण काशी’ म्हणतात, आणि विष पचविणारा देव तो रोगही हरण करणारच या श्रद्धेने व्याधिग्रस्त माणसे कपिलेत स्नान करून त्याच्या दारी येतात. टिपू सुलतानाच्या हत्तीची दृष्टी या देवाच्या कृपेने परत आली, म्हणून सुलतानाने त्याला ‘हकीम नंजुंड’ म्हटले आणि पाचूचे लिंग अर्पण केले, अशी कथा तेथे सांगतात. ‘हकीम’ ही पदवी एका हिंदू देवतेला एका मुसलमान राजाने द्यावी यात ज्यांना विस्मय वाटेल त्यांनी त्या काळची दप्तरे चाळावीत. तिकडच्या कचेरीत कानडी आणि फारसी यांच्या जोडीने मराठीही चालत असे. हैदर, टिपू आणि त्यांच्यानंतरचे वोडेयर यांच्या पदरी राहिलेला पूर्णय्या हा दिवाण माध्व ब्राह्मण होता. आणि भाषा किंवा धर्म यांच्या भिंती आज आपण समजतो तितक्या उंच त्या वेळी नव्हत्या. मुम्मडी कृष्णराज वोडेयर याच्या कारकिर्दीत राणी देवाजम्मणी हिने देवळाचे सात मजली गोपुर बांधविले, आणि ते सुमारे एकशेवीस फुटी शिखर आजही पुलावरून येणाऱ्याला दुरून क्षेत्राची खूण दाखविते. ‘दोड्ड जात्रे’, म्हणजे थोरली जत्रा, फाल्गुन-चैत्राच्या सुमारास भरते. तीत पाच रथ ओढले जातात. त्या दिवशी नदीच्या उत्तर तीरावरून येणाऱ्या माणसांची रीघ पुलावर लागे.

रेल्वे येथे आली ती दुष्काळाच्या वाटेने. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात म्हैसूर संस्थानातील माणसे लाखांनी मेली; बंगळूर-म्हैसूर लोहमार्ग या दुष्काळाच्या सावलीत, उपाशी मजुरांच्या हातांनी आकारास आला. १८८१ मध्ये इंग्रजांनी पन्नास वर्षे आपल्या हाती ठेवलेले राज्य चामराजेंद्र वोडेयर यांस परत केले, दिवाणगिरी रंगाचार्लूंकडे आली, आणि १८८२ च्या सुमारास मीटर गेजची गाडी म्हैसुरात पोहोचली. संस्थान तेव्हा कर्जाने वाकलेले होते. म्हणून १८८६ मध्ये ही रेल्वे चालविण्याचे काम एका विलायती कंपनीकडे सोपविण्यात आले, आणि त्या कंपनीचे नाव मराठी वाचकाला थबकविणारे आहे: सदर्न मराठा रेल्वे. तिचे ठाणे धारवाडला होते. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक यांतील दुष्काळी टापूस धान्य पोहोचविणे हा तिच्या स्थापनेचा जाहीर हेतू. हरिहरपर्यंतचा दुवा जुळल्यावर आणि इकडे मिरज-लोंढा-हुबळी हा मार्ग सिद्ध झाल्यावर पुण्याहून निघालेला प्रवासी हुबळी आणि बंगळुरावरून म्हैसूरपर्यंत एकाच मापाच्या, म्हणजे एक मीटर रुंदीच्या, रुळांवरून जाऊ लागला. पेशव्यांच्या फौजा ज्या वाटेने महिनोन्महिने चालत गेल्या त्या वाटेवर आता मराठ्यांच्या नावाची आगगाडी धावत होती, आणि तिच्या भागधारकांची सभा लंडनात भरत होती!

म्हैसूरपासून नंजनगूडपर्यंतची शाखा याच कारकिर्दीतली. दिवाण शेषाद्री अय्यर यांचा काळ होता. रेल्वे, पाटबंधारे आणि सोन्याच्या खाणी यांवर संस्थानची उमेद केंद्रित झाली होती. शाखा आखताना कपिला आडवी आली. नवा पूल म्हणजे मोठा खर्च, आणि तेथे तर भक्कम पूल उभाच होता. मीटर गेजची इंजिने हलकी, गाड्या आखूड, वेग बेताचा. दगडी कमानींना हे ओझे पेलवेल असा हिशेब करून पुलाच्या पृष्ठभागावर रूळ टाकण्यात आले. सडकही तशीच राहिली. एकाच पुलावर एका अंगाने रूळ, दुसऱ्या अंगाने रस्ता. गाडी यावयाची झाली की फाटके बंद व्हावयाची, आणि बैलगाड्या, कावडवाले, यात्रेकरू, पुढे मोटारी, सर्वांनी तिष्ठत उभे राहावयाचे. काटकसरीला कल्पकता म्हणावयाचे की कल्पकतेला काटकसर, हा वाद निरर्थक आहे. संस्थानी कारभारात पुष्कळदा दोन्ही एकाच कलमाने लिहिल्या जात. एवढे खरे की, दळवाईने बांधलेल्या इमारतीवर इतका विश्वास टाकणाऱ्या त्या इंजिनियराने देशी बांधकामाला दिलेले प्रशस्तिपत्रक त्या काळातील कोणत्याही अहवालातील स्तुतीपेक्षा अधिक बोलके आहे.

१९२६ मध्ये ही शाखा नंजनगूडच्या पुढे चामराजनगरपर्यंत वाढली. ते गाव मूळचे अरिकुठार. मुम्मडी कृष्णराजाने आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ त्याचे नाव बदलले. एकसष्ट किलोमीटरांचा हा सारा मार्ग. चामराजपुरम, अशोकपुरम, कडकोळा, तांडवपुरा, नंजनगूड, बदनवाळू, कवलंदे अशी त्यावरील स्थानकांची माळ. मोठ्या शहरांना जोडणारा नसल्यामुळे या मार्गाला कधी थोरवी लाभली नाही, परंतु त्याच्या डब्यांतून प्रांताची खास ओळख असलेला माल गेला. नंजनगूडची रसबाळे ही केळी, जिला पुढे भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच मातीतली. १९१३ पासून येथल्या सद्वैद्यशाळेत तयार होणाऱ्या दंतचूर्णाने गावाचे नाव दक्षिण हिंदुस्थानातील घराघरांत नेले. अनेकांना नंजनगूड हे क्षेत्र म्हणून माहीत होण्यापूर्वी दात घासण्याच्या पुडीवरून माहीत झाले असेल. बदनवाळूला खादीचे केंद्र उभे राहिले आणि तेथे गांधीजी येऊन गेले. चामराजनगरच्या पुढे घाट उतरून सत्यमंगलमवरून मेट्टुपाळयमकडे रूळ नेण्याची योजना दशकानुदशके कागदावर फिरत राहिली. आता मधल्या अरण्यात वाघ-हत्तींचे अभयारण्य आहे, आणि दळवाईचा रस्ता ज्या मुलखाकडे जात होता त्या मुलखात त्याच्या पुलावरून आलेली गाडी कधीच पोहोचली नाही.

मग १९९२ मध्ये भारतीय रेल्वेने सर्व देशभर एकच माप करण्याचे धोरण स्वीकारले. एक हजार मिलिमीटरांच्या रुळांच्या जागी एक हजार सहाशे शहात्तर मिलिमीटरांचे रूळ आले. या धोरणाचा एक परिणाम असा आहे की तो कोणी नोंदविलेला मला आढळला नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. विलायतेत १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर हजारो मैल लोहमार्ग सरळ बंद करण्यात आले, अमेरिकेतही मालमोटारींच्या स्पर्धेपुढे शाखा उखडल्या गेल्या. त्यामुळे तेथे जमिनीची लांबच लांब रिकामी पट्टी शिल्लक राहिली. आपल्याकडे तसे फारसे झाले नाही. आपण मार्ग बंद केला नाही, रुंद केला. तोच बांध, तीच खडी, त्याच वळणाची तीच जमीन. काही वर्षे गाड्या थांबल्या, मजुरांनी जुने रूळ काढून नवे घातले, आणि गाडी फिरून धावू लागली. जुन्या मार्गाचा मागमूस राहिला तो जेथे जुनी बांधणी नवे ओझे पेलू शकत नव्हती तेथेच, म्हणजे बहुतकरून नदीवर. नदी ओलांडण्यासाठी शेजारी नवा पूल बांधावा लागला आणि जुना सुटून राहिला. म्हणून या देशात जुन्या रेल्वेच्या वाटेने फिरावयाचे म्हटले तर ती वाट पाण्याच्या काठाशी सापडते. नंजनगूडला हेच घडले. कपिलेवर नवा रेल्वेपूल आला, २००७ मध्ये जुन्या पुलावरील गाड्यांची वहिवाट संपली, आणि वारसा-वास्तू म्हणून घोषित झालेला तो पूल मोडून न टाकता राखण्यात आला.

सर्वच ठिकाणी जुन्याला असा मान मिळतो असे नाही. श्रीरंगपट्टणला बंगळूर-म्हैसूर मार्ग दुहेरी करताना टिपूच्या काळचे एक शस्त्रागार मध्ये आले. ते पाडावे की रूळ वळवावेत यावर वर्षानुवर्षे खल होऊन अखेर २०१७ मध्ये ती शेकडो टनांची इमारत पाया सोडवून, जॅकांवर उचलून, शंभरावर मीटर दूर सरकविण्यात आली. म्हैसूरच्या एका अंगाला इतिहासाने रेल्वेला वाट दिली आणि दुसऱ्या अंगाला रेल्वेने इतिहासाला. दोन्ही घटना दहा वर्षांच्या आत आणि चाळीस किलोमीटरांच्या टापूत घडल्या.

पश्चिमेकडे रिकाम्या झालेल्या पट्ट्यांचे काय झाले हे पाहणे उद्बोधक आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने १९६५ मध्ये एलरॉय ते स्पार्टा हा सुमारे बत्तीस मैलांचा बंद लोहमार्ग विकत घेतला आणि त्यावर सायकली व पादचारी यांच्यासाठी वाट केली. मार्गातील तीन बोगदे आता लोक हातात दिवा घेऊन ओलांडतात. १९८३ च्या कायद्याने तेथे अशी तजवीज केली की, बंद होणारा मार्ग पुढे कधी रेल्वेला लागेल या सबबीखाली सलग राखावा आणि तोपर्यंत त्यावर लोकांना फिरू द्यावे. कायदेशीर भाषेतील ही एक चतुर पळवाट आहे, आणि शेजारच्या जमीनदारांनी ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेऊनही १९९० मध्ये ती टिकली. कंबरलंडहून पिट्सबर्गला जाणारी, नद्यांच्या काठाकाठाने दीडशे मैल चालणारी वाट २०१३ मध्ये पुरी झाली. नदीकाठची वाटच लोकांना का आवडते याचे कारण भूगोलात आहे: इंजिनाला चढ सोसत नाही, म्हणून रेल्वेचा आखणीदार नेहमी नदीच्या खोऱ्याचा आश्रय करतो, आणि इंजिनाला जो सौम्य चढ मानवतो तोच म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांनाही मानवतो.

परंतु नंजनगूडशी खरे साम्य आहे ते इंग्लंडातील डरहॅम परगण्यातील कॉझी कमानीचे. १७२५-२६ मध्ये, म्हणजे देवराजाच्या पुलाच्या जेमतेम दहा वर्षे आधी, कोळशाच्या खाणीतून निघालेल्या घोड्यांच्या गाड्या लाकडी रुळांवरून एका खोल ओढ्यावर नेण्यासाठी ती बांधली गेली. जगातील सर्वांत जुना शिल्लक रेल्वेपूल म्हणून तिचा लौकिक आहे. राल्फ वुड या गवंड्याने आधी बांधलेला लाकडी पूल कोसळला होता, आणि दगडी कमानही कोसळेल या भीतीने त्याने तिच्यावरून उडी टाकून प्राण दिला अशी आख्यायिका तेथे सांगतात. कमान मात्र आजपर्यंत उभी आहे आणि तिच्यावरून पाऊलवाट जाते. कॉझीचा पूल रुळांसाठी जन्मला आणि पादचाऱ्यांना मिळाला. कपिलेचा पूल पादचाऱ्यांसाठी जन्मला, रेल्वेने तो मध्यंतरी वापरला, आणि मग परत केला. या दृष्टीने पाहता आपल्या पुलाचा दावा अधिक बळकट आहे. कॉझीला लोकांनी रेल्वेची वाट वारशाने घेतली. येथे ते आपल्याच मूळच्या वहिवाटीवर परत येत आहेत.

आपल्याकडे बोरघाटातील खंडाळ्याजवळचे रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये बंद झाले. गाडीने टोकाशी थांबून, इंजिनाची दिशा बदलून घाट चढावयाचा ही १८६३ पासूनची रीत बोगद्यांच्या नव्या आखणीने अनावश्यक ठरली. तेथील अवशेषांकडे बहुतेक प्रवासी गाडीच्या खिडकीतून क्षणभर पाहतात आणि चहाच्या पेल्याकडे वळतात. जुन्या मार्गाने पायी फिरावे ही कल्पना आपल्या समाजात अजून रुजलेली नाही. आपण पायी जातो ते देवाला, आणि आगगाडीत बसतो तेही बहुधा देवालाच. कदाचित म्हणूनच नंजनगूडचा पूल इतर ठिकाणच्या अवशेषांपेक्षा सुदैवी ठरावा. त्याच्या टोकाशी देव आहे. रेल्वे आली आणि गेली, हमरस्त्याला नवा पूल मिळाला. परंतु पहाटे नदीवर स्नानाला येणारा माणूस, सायंकाळी काठाने फेरफटका मारणारा माणूस, आणि कठड्याशी उभा राहून एका बाजूला नव्या पुलावरून जाणारी गाडी आणि दुसऱ्या बाजूला गोपुर पाहणारा माणूस, यांना पुलाशी काम आहेच. ते काम सरकारी कोशातील ‘पर्यटन’ या सदरात बसेल की नाही याविषयी मी साशंक आहे.

म्हैसूर स्टेशनाजवळ, अन्नतंत्र संशोधन संस्थेच्या समोर, १९७९ मध्ये रेल्वेचे संग्रहालय उघडले. दिल्लीनंतर देशातील ते दुसरे. महाराणीचा १८९९ मधील राजेशाही डबा तेथे जतन केलेला आहे, आणि ऑस्टिन मोटारीला रुळांवर धावणारी चाके लावून केलेली एक गमतीदार गाडीही आहे. लोक तिकीट काढून तो डबा पाहतात. ज्या काळात असे डबे संस्थानात धावत होते त्या काळात रेल्वेला वाट देणारा पूल मात्र पंचवीस किलोमीटरांवर उघड्यावर, पावसात, तिकिटावाचून उभा आहे.

त्याच्या देखभालीविषयी एक तांत्रिक सूचना करून ठेवणे अवश्य आहे, कारण या बाबतीत आपल्या खात्यांच्या चुका सर्वत्र सारख्याच असतात. कमानींच्या सांध्यांतून पिंपळ आणि वड रुजतात. त्यांच्या मुळ्या वेळीच आणि मुळापासून काढल्या नाहीत तर सांधे फाकतात. नंतर डागडुजी होते ती सिमेंटने. जुना चुना नरम असतो, ऋतुमानाप्रमाणे फुगतो आणि आकसतो, ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. सिमेंट कठीण असते आणि ओल आत कोंडून धरते, त्यामुळे दुरुस्त केलेल्या भागाच्या कडेला दगडच फुटू लागतो. देवराजाच्या गवंड्यांनी जो चुना वापरला त्याच जातीचा चुना भट्टीत भाजून, विरवून, चाकाखाली मळून वापरला पाहिजे. अशा कामाचे मजूर दक्षिणेत अद्याप मिळतात; देवळांचे जीर्णोद्धार त्यांच्याच हातून होतात. अडचण माणसांची नाही. जेथे रूळ होते ती जागा रेल्वेची, जेथे रस्ता होता ती बांधकाम खात्याची, खालचे पात्र पाटबंधाऱ्यांचे आणि वारसा म्हणून सारे पुरातत्त्वाचे, असे म्हणण्यास प्रत्येक कचेरीत जागा राहते. एका पिंपळाच्या मुळीसाठी किती सह्या लागाव्यात याचा हिशेब दळवाईच्या दप्तरात नव्हता.